आत न जाणाऱ्या तपासनिसास

तपासणी अधिकारी साहेब,

या पत्रात तुमचं नाव नाही, कारण तुम्ही एकटे नाही. कोठडीच्या दारापर्यंत येऊन भेटवहीत 'सर्व ठीक' असा शेरा मारायचा आणि परत जीपमध्ये बसायचं, हे ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांना हे पत्र आहे. आत कोणी मार खाल्ला असेल, तर त्यात तुमच्या सहीचाही हात आहे.

मे 2025 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवलं की बांगलादेश-म्यानमारमधून बेकायदा आल्याचा संशय असलेल्यांची 30 दिवसांत पडताळणी करा आणि जिल्हा पातळीवर होल्डिंग सेंटरं उभारा. म्हणजे उद्या अकोल्यात, अमरावतीत अशी एखादी इमारत असेल आणि तिची तपासणी तुमच्याकडे येईल. तुमची आजवरची रीत ठाऊक आहे म्हणून आजच लिहितोय.

आसामात काय झालं ते पाहा. जानेवारी 2018 मध्ये मानवाधिकार कार्यकर्ते हर्ष मंदर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या वतीने गोलपाडा आणि कोक्राझारच्या डिटेन्शन सेंटरांत आत गेले. ही सेंटरं तुरुंगांच्याच आवारात होती. नवरा एका तुरुंगात आणि बायको दुसऱ्यात, अशी कुटुंबं त्यांना भेटली. सुटकेची तारीख कोणालाच माहीत नव्हती. त्यांनी अहवाल दिला, आयोग हलला नाही, आणि त्याच वर्षी मंदर यांनी ते काम सोडलं. पुढे आसामातच मटियाला 3000 माणसांसाठी वेगळी इमारत झाली. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तिथला अहवाल आला तेव्हा पुरेसं पाणी नव्हतं, नीट स्वच्छता नव्हती, धड संडास नव्हते. नवी इमारत, आणि धड संडास नाहीत! तुमच्यासारखा एखादा अधिकारी नुसता एकदा आत फिरला असता तरी हे दिसलं असतं. मला चीड येते ती याचीच.

आमच्या वऱ्हाडात संशयाला वेळ लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये अंजनगाव सुर्जीतल्या आणि अकोल्यातल्या उशिरा दिलेले जन्मदाखले बांगलादेशींना गेल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला, राज्याने विशेष तपास पथक नेमलं. खोटे दाखले देणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण इथलं बाळंतपण घरात, नाहीतर आजोळी व्हायचं. माझ्या आईचा जन्मही तसाच. ती शाळेत गेली नाही, त्यामुळे दाखल-खारीज रजिस्टरात नाव नाही, आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या कोतवाल बुकात नुसतं 'मुलगी' एवढंच लिहिलंय. अशी बाई परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने तिच्यावरच टाकला आहे. 1946 च्या कायद्यात तो होता, 2025 च्या नव्या कायद्यातही आहे.

चूक होतच नाही असं म्हणू नका. जून 2025 मध्ये मीरा रोडवर गवंडीकाम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या एका भारतीय माणसाला पकडून थेट बांगलादेशात ढकललं गेलं. घरच्यांनी कागदं घेऊन धावपळ केली, तेव्हा त्याला परत आणावं लागलं. ज्याच्या मागे धावणारं कोणी नाही, त्याला शोधू शकणारे तुम्हीच आहात, साहेब. कोठडीतल्या माणसाला तुमच्याखेरीज बाहेरचं कोण भेटणार?

तेव्हा आमच्या जिल्ह्यात सेंटर उघडाल तर हे करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला, त्याने आधी कळवलं नसलं तरी, कधीही आत जाऊ द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला आणि चित्रण जपून ठेवायला सांगितलं, तोच नियम इथे लावा. बायांच्या खोल्या महिला डॉक्टरने तपासाव्यात. आणि तुम्ही स्वतः आत जा. संडासाचं दार उघडून पाहा, नळ सोडून पाहा. पोलिसाला बाहेर थांबवून आतल्या एकेका माणसाशी त्याच्या बोलीत बोला, मग त्या वहीत काय ते लिहा.

— अकोल्याचा एक रहिवासी