‘ते’ द्या ना

संध्याकाळचे साडेसात. एसटी स्टँडसमोरचं मेडिकल. वय पंचवीस, शिक्षण बी.ई., पगार बरा, असा एक तरुण गेली दहा मिनिटं दाढीची ब्लेडं न्याहाळत उभा आहे. त्याला छातीपर्यंत दाढी आहे. एक काकू बाम घेऊन गेल्या, एक आजोबा साखरेच्या गोळ्यांच्या किमतीवरून भांडून गेले. दुकान रिकामं झालं तसा तो पुढे सरकला आणि काउंटरच्या काचेकडे बघत पुटपुटला, “काका, ते द्या ना.”

“कोणतं ते?”

“ते हो... ते.”

काकांनी आधी सॅनिटरी पॅड काढले. मान हलली. मग बद्धकोष्ठाचं चूर्ण. मान जोरात हलली. तेवढ्यात आणखी एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या, म्हणून तरुणाने खोकला नसताना खोकून दाखवलं आणि खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी विकत घेतली. काकू गेल्यावर काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी खणातून एक चपटं खोकं काढलं, रविवारच्या पुरवणीत गुंडाळलं, वर रबर चढवलं आणि तलाठ्याला पैसे सरकवावेत तसं पुढे सरकवलं. व्यवहार पूर्ण झाला. दोन प्रौढ माणसं, एक कायदेशीर वस्तू, आणि नामाचा उच्चार एकदाही नाही.

व्याकरणाच्या बाई सांगत, नामाऐवजी येतं ते सर्वनाम. पण त्यासाठी आधी कुठेतरी नाम येऊन गेलेलं असावं लागतं. ‘ते’चं नाम मराठी घरात कधी आलेलंच नाही. मुलगी वयात आली की ‘ते दिवस’. मुलगा उशिरा घरी आला की ‘तसले मित्र’. दुखलं-खुपलं की ‘तिथे’. ज्या भाषेत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालाही साडू असा स्वतंत्र शब्द आहे, भाकरीच्या पापुद्र्याला नाव आहे, तिच्यात कमरेपासून मांड्यांपर्यंतचा सगळा मुलूख ‘तिथे’ या एका सातबाऱ्यावर चढलेला आहे. बरं, नामं नाहीत असं नाही. भरपूर आहेत. पण निम्मी शिव्यांच्या कामावर लावलेली आहेत आणि उरलेली संस्कृतात ठेवलेली आहेत. पहिली उच्चारली तर कानाखाली बसते, दुसरी उच्चारली तर मेडिकलवाल्याला कळत नाहीत. मधल्या जागेत सभ्य माणसाने काय म्हणायचं? ‘ते’.

आता हाच तरुण चार महिन्यांनी डॉक्टरकडे जातो. “तिथे होतंय.” “काय होतंय?” “तसं.” डॉक्टरही याच मातीतले. ते मूळव्याधीचं मलम लिहून देतात. तरुण ते इमानेइतबारे लावतो. आजोबांच्या पिढीकडे निदान परमा आणि गरमी ही नावं तरी होती. आता परमा म्हणजे गोनोरिया आणि गरमी म्हणजे सिफिलिस. दोन्ही जिवाणूंमुळे होतात, दोन्ही योग्य प्रतिजैविकांनी बरे होतात, फक्त डॉक्टरला नीट सांगावं लागतं आणि जोडीदाराचीही तपासणी करावी लागते. क्लॅमिडिया तर त्याहून लबाड. बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही आणि तो आतल्या आत गर्भनलिका खराब करू शकतो. मग पाच वर्षांनी सासूबाई विचारतात, “अजून काही नाही?” बघा, आणखी एक सर्वनाम. या साऱ्या प्रकरणात नाव घेऊन बोलतात ते फक्त भिंती रंगवणारे. ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशी फूटभर उंचीची अक्षरं धावत्या एसटीतूनही वाचता येतात. इतकं गुप्त दुसरं काही महाराष्ट्रात नसेल.

नाव न घेता घेतलेल्या वस्तूची माहितीही नाव न घेताच मिळते, आणि देणारा बहुधा हॉस्टेलमधला सीनिअर असतो. तो सांगतो, खोबरेल लाव. कंडोम लॅटेक्सचा असतो, तेलाने आणि व्हॅसलिनने तो कमकुवत होऊन फाटतो. तो सांगतो, पाकिटात ठेव, वेळेला असू दे. मागच्या खिशात बसून-बसून, उष्णतेने आणि घासून तो वेळ येण्याआधीच निकामी होतो. तो सांगतो, दोन घाल, डबल सेफ. दोन एकमेकांवर घासले की फाटण्याची शक्यता वाढते. वापराची अंतिम तारीख छापलेली असते ती वाचायला खोकं उजेडात धरावं लागतं, आणि खोकं तर पुरवणीत. काही चुकलंच तर मग ‘ती गोळी’. इथे व्याकरण लिंग बदलतं, बघा. पुरुषाने आणायचं ते ‘ते’, बाईने गिळायची ती ‘ती’. ही तातडीची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. राहिलेला गर्भ तिने पडत नाही आणि संसर्ग तर मुळीच टळत नाही. पण सीनिअरच्या मते ती सगळ्यावर चालते, डोकेदुखीच्या गोळीसारखी.

आपण प्रयत्न केला नाही असं कोण म्हणतो? सरकारने १९६८ साली या वस्तूला रीतसर बारसं करून नाव दिलं होतं, निरोध. योगशास्त्राच्या पोथीत शोभावं असं नाव. किंमत पाच पैसे. चहा-साबण पोचवणाऱ्या गाड्यांतून ती खेडोपाडी गेली, पोरांनी तिचे फुगे केले, आणि बघता बघता त्या सोवळ्या शब्दालाही विटाळ झाला. निरोध म्हटलं की वर्ग फिदीफिदी हसू लागला. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कंडोमवर कर शून्य ठेवला, म्हणजे सरकारच्या लेखी ती जीवनावश्यक वस्तू झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगण्यात आलं की टीव्हीवर तिची जाहिरात सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत दिसता कामा नये. मग खुलासा आला, चाळवणाऱ्या जाहिरातींपुरतंच बरं का, माहिती देणारी चालेल. चाळवणारी कोणती हे ठरवायला कुणीतरी सगळ्या बघितल्या असणार, हा त्याग इतिहासात नोंदला गेला पाहिजे.

आणि शाळा? राज्यात २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, संस्कृती बुडू नये म्हणून. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तिसरा धडा प्रजननाचा आहे. त्या दिवशी सर वर्गात येतात, फळ्याकडे बघत म्हणतात, “हा धडा सोपा आहे, घरी वाचून या.” बेडकाच्या हृदयाला जे तीन तास देतात त्यांना हा सोपा वाटतो. आकृती मात्र पाठ करून घेतात, कारण तिला गुण आहेत. मेडिकलमधल्या त्या बी.ई.ने बोर्डात प्रजनन संस्थेची आकृती काढून पेन्सिलीने सगळ्या भागांना नावं दिलेली आहेत. पैकीच्या पैकी गुण. काउंटरवर त्याच नावांनी घात केला.

इथवर हसून घ्यावं. कारण आता ‘ते’चा जोडीदार शब्द येतो: ‘नको’. मराठीत ‘नको’ कुठे कुठे वापरतात ते पाहा. ‘दोघं नको त्या अवस्थेत सापडले.’ ‘पोरगी नको ते करून बसली.’ म्हणजे जिथे कुणीच ‘नको’ म्हटलेलं नसतं तिथे गावाने तो शब्द शिक्क्यासारखा मारायचा, आणि जिथे समोरची मुलगी स्वतःच्या तोंडाने, दोन अक्षरांत, स्वच्छ ‘नको’ म्हणते तिथे तो कुणालाच ऐकू येत नाही! तिथे तो लाजणं असतो, लाडीगोडी असतो, ‘पोरींचं असंच असतं रे’ असतो. चाळीस वर्षं सिनेमातल्या हिरोने तिच्या मागे सायकल हाणली, तिचा पदर ओढला, ती सात वेळा नको म्हणाली आणि आठव्या वेळी बागेत नाचली. हे बघून वाढलेल्या पोरांना संमती कुणी शिकवली? घरात तर ‘हो’ म्हणायचाही अधिकार दुसऱ्याकडे. कांदेपोह्यांच्या बशा हातात घेऊन वडील सांगतात, “मुलीचं काय विचारता, ती आमच्या शब्दाबाहेर नाही.” ज्या मुलीच्या लग्नाचा ‘हो’ बाप म्हणतो तिचा ‘नको’ जोडीदार का ऐकेल? कायद्याने २०१३ सालीच स्पष्ट लिहून ठेवलंय, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तेच आहे: संमती म्हणजे शब्दांनी, हावभावाने किंवा अन्य प्रकारे, स्वेच्छेने आणि निःसंदिग्धपणे, त्या विशिष्ट कृतीला दाखवलेली तयारी. तिने हातपाय झाडले नाहीत म्हणून ती संमती ठरत नाही. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे. काल हो होतं म्हणून आज हो नव्हे. कंडोम वापरायचा ठरवून मध्येच गुपचूप काढून टाकणारे महाभाग त्याला गंमत म्हणतात, पण जिने हो म्हटलं होतं तिने याला म्हटलं नव्हतं. आणि अठराच्या आतल्या मुलीने हो म्हटलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते हो नाहीच. इतकं नीट लिहिणाऱ्या त्याच कलमाला शेपूट आहे: बायको अठराच्या खाली नसेल, तर नवऱ्याने केलेला तोच प्रकार बलात्कार ठरत नाही. म्हणजे अक्षता पडल्या की ‘नको’ हा शब्द पुन्हा सर्वनामात जमा.

आणि एवढं करून निस्तरायचं कुणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या ३७.९ टक्क्यांची स्वतःची नसबंदी झालेली. नवऱ्याची झालेली ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन. कंडोम वापरणारी जोडपी ९.५ टक्के. पुरुषाच्या नसबंदीला पोट उघडावं लागत नाही, टाका नसलेली पद्धत आहे, थोड्या वेळात माणूस घरी जातो, फक्त पुढचे तीन महिने दुसरी काळजी घ्यायची. पण त्याला ‘कमजोरी’ येते. बाईला येत नाही. तिचं ‘ऑपरेशन’ होतं आणि चौथ्या दिवशी ती धुणं धुते. या एकाच बाबतीत मराठी माणूस सर्वनाम वापरत नाही, ठणठणीत सांगतो, “बायकोचं ऑपरेशन केलं.”

असो. आपला तरुण पुरवणीतलं पुडकं घेऊन खोलीवर गेला. दार लावलं, कडी लावली, रबर काढलं, राशिभविष्य बाजूला सारलं. आत गर्भधारणा तपासायचं किट होतं. काकांचा बिचाऱ्यांचा दोष नाही. तीस वर्षांच्या अनुभवात इतका घाबरलेला माणूस बहुतेक वेळा तेच घ्यायला येतो.

तो तसाच परत धावला. वाटेत त्याने तालीमही केली, तीन अक्षरं, कं-डो-म, कठीण काही नाही. पोचला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. मेडिकलचं शटर खाली होतं.