सबब अर्ज परत

जिल्हा परिषदेच्या आस्थापना टेबलावर नोकरी काढलेल्या माणसानं लोकप्रशासनात पीएचडी करणं म्हणजे आचाऱ्यानं पाककलेचा क्लास लावणं, असं बायकोचं मत. खरं कारण तिला सांगितलं नाही. कार्यालयात मी सगळ्यांचा ‘भाऊसाहेब’ आहे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेतला ‘ओ काका’ होणार. नावाआधी काहीतरी कायमस्वरूपी हवं होतं, आणि पद्मश्रीची शिफारस आमच्या टेबलावरून जात नाही.

विषय तसा घरचाच. वुड्रो विल्सननं 1887 साली निबंध लिहून राजकारण आणि प्रशासन वेगळं ठेवा म्हणून सांगितलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं म्हणतात. आमच्याकडे ते वेगळंच आहे. राजकारण फोनवरून बोलतं आणि प्रशासन ‘बघतो साहेब’ म्हणतं. (हा विल्सन पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पीएचडी असलेला तिथला तो एकमेव अध्यक्ष. तेव्हा पदवीनं पदोन्नती मिळत नाही असं कुणी म्हणू नये.) मॅक्स वेबर तर आपलाच माणूस. लेखी नियम, पदांची उतरंड, फाइल, सगळं त्यानं मान्य केलेलं. 1920 साली गेला, त्यामुळे ऑनलाइन पोर्टल त्याला बघावं लागलं नाही.

मला लागलं. त्याबद्दल विशेष लिहीत नाही. ज्यानं मध्यरात्री ‘सेशन एक्सपायर्ड’ वाचलंय त्याला सांगायला नको. प्रवेश परीक्षाही बरी गेली. निम्मे प्रश्न विषयावर, निम्मे संशोधन पद्धतीवर. गृहीतक आधी मांडायचं आणि पुरावे मागाहून गोळा करायचे, हे वाचल्यावर विभागीय चौकशी आठवली आणि धीर आला. मार्गदर्शक मिळणं जरा कठीण. एका वेळी प्राध्यापकाला आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार, त्यावर नाही. म्हणजे तिथंही आकृतिबंध आहे, फक्त आमच्यासारखा रिकामा नाही.

अडलं ते ना हरकत प्रमाणपत्रापाशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते. मात्र कार्यालयानं लिहून द्यायचं असतं की या कर्मचाऱ्याला त्याच्या कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळू शकतो. वाक्य गरीब दिसतं. आस्थापनेवरच्या माणसाला ते वाचून घाम फुटतो. कर्मचाऱ्याला पुरेसा वेळ असतो असं कार्यालयानं एकदा सहीशिक्क्यानिशी कबूल केलं, की वरून विचारणा ठरलेली : मग हे पद ठेवलंय कशाला? आणि आम्ही तर वर्षानुवर्षं प्रत्येक स्मरणपत्राला ‘अपुऱ्या मनुष्यबळामुळे विलंब’ असं उत्तर देत आलो. काम हाताशी असलेल्या वेळेइतकं पसरत जातं, असं पार्किन्सन साहेबानं 1955 साली गमतीत लिहिलं होतं. ती गंमत आहे हे आमच्याकडे कुणी कळवलं नाही.

शिवाय हा अर्ज येणार कुठं? माझ्याच टेबलावर. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः टिप्पणी लिहू नये, म्हणून तो शेजारच्या कनिष्ठ सहायकाकडे दिला. पोरगा माझ्या हाताखाली तयार झालेला. त्यानं लिहिलं : ‘अर्जदाराचे सेवापुस्तक संबंधित टेबलाकडून प्राप्त झालेले नाही. सबब अर्ज परत.’

संबंधित टेबल म्हणजे मी. कपाट माझ्या पाठीमागे, किल्ली माझ्या खिशात. हात लांबवून सेवापुस्तक देऊ लागलो, तर म्हणाला, “भाऊसाहेब, पत्रासोबत द्या. आवकला नोंद नको का?” छाती भरून आली. पुस्तक पत्रासोबत जावकला गेलं, जावकमधून आवकला आलं, मधे दिवाळी येऊन गेली, आणि ते माझ्या टेबलापासून हातभर अंतरावर सुखरूप पोहोचलं.

डेप्युटी साहेबांनी मसुदा स्वतः दुरुस्त केला : ‘कार्यालयीन कामकाजास बाधा न येता, कार्यालयीन वेळ वगळून व शासनावर कोणताही आर्थिक भार न टाकता अर्जदारास पुरेसा वेळ उपलब्ध होऊ शकतो.’ वेळ आहे, आणि आमच्याकडचा नाही. यशदाच्या प्रशिक्षणात या एका वाक्यावर अर्ध्या दिवसाचं सत्र ठेवता येईल.

कागद घेऊन विद्यापीठाच्या खिडकीवर गेलो. आतले गृहस्थ माझ्याच वयाचे, चष्मा नाकाच्या टोकावर. ते पत्र त्यांनी मसुद्यासाठी वाचलंच नाही. थेट वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “जावक क्रमांक आहे. दिनांक कुठाय?”

खरंच नव्हता. इतकं बारीक बघणारी माणसं आता राहिली नाहीत, असं मी मनापासून म्हणालो.

“कुठल्या खात्यात?”

“झेडपी. आस्थापना.”

खिडकीशेजारचं दार उघडलं. मला आत खुर्ची मिळाली, चहा आला. त्यांच्या वहिनी आमच्याच जिल्ह्यात शिक्षिका निघाल्या. बदली हवी होती, संवर्ग एकमधून, आजारपणाच्या कारणावर. पोर्टलवर अर्ज भरायचा होता, पण प्रमाणपत्र चालेल का याची धाकधूक. त्यांनी मोबाइल पुढे केला. मी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. रोगाचं नाव बरोबर, सही बरोबर, तारीखसुद्धा होती.

“शिक्का अस्पष्ट आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे परत जावं लागणार?”

“दोघांनाही,” मी म्हटलं, आणि चहा संपवला.