सांदवाडीतलं वेल्डिंग

ओ वहिनी! इकडं पाहा, माझ्याकडं. तिकडं नका पाहू. सूनबाई गोठ्याचं दार जोडून राहिली, त्या उजेडाकडं पाहाल तर रात्री रडत बसाल. आमचे हे तर मघापासून पाठ फिरवून बसले आहेत. कोणी म्हणल बायकोवर रुसले.

हो जी, मशीन घरचीच. अक्षय्य तृतीयेले घेतली. मी म्हटलं होतं सोन्याचा मणी घ्या, तर घरी आली वेल्डिंगची पेटी. पाच-सात हजारात येते आता. चार-पाच किलोची, पट्टा खांद्याले अडकवला की चालली. चौकातल्या वेल्डिंगवाल्याची जुनी पेटी आठवते ना? दोघा-तिघांनी ढकलायची, आणि सुरू केली की अख्ख्या टोलीतले बल्ब मिणमिणायचे. त्या पेटीत तांब्याची मोठी गुंडाळी आणि लोखंडाचा ठोकळा. ही इन्व्हर्टरची म्हणजे विजेले आधी डीसी करते, मग सेकंदात हजारो वेळा उलटसुलट करते, म्हणून गुंडाळी मुठीएवढी पुरते. मले कसं माहीत? सून आयटीआयची आहे, वेल्डर ट्रेडची. एका वर्षाचा कोर्स. सोयरीक झाली तेव्हा तुम्हीच नाक मुरडलं होतं, आठवते? राहू द्या, आता ते काढून काय करायचं.

डब्यावर २०० अँपिअर लिहिलं आहे. आमचा पोरगा पहिल्या दिवशी काटा तिथंच न्यायले निघाला होता. सून म्हणे, ते वाचायसाठी आहे, लावायसाठी नाही. बारा नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, त्याले ७०-८० गंज झाले. दहा नंबरचा लावला तर शंभराच्या आसपास जावं लागते, आणि मग घरचा १६ अँपिअरचा सॉकेट तापते नाही तर एमसीबी पडते. वायरही जाड लागते. पोरानं टीव्हीची एक्स्टेन्शन लावली होती, गुंडाळलेली तशीच. हात लावला तर पापड भाजता आला असता.

आणि आपली लाइन तुमाले माहीतच आहे. धानाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसलंच. मग रॉड लोखंडाले चिकटते, ओढा न् ओढा, सुटत नाही. शहरातल्या दुकानदाराले काय, तो म्हणते मशीन एक नंबर. अजी, मशीन एक नंबर असल, आमचा डीपी कुठं आहे? म्हणून ती मोटारी सुरू व्हायच्या आधी, सकाळीच काम उरकते.

पावसाळ्यात दुसरंच. रॉडचं पाकीट उघडं राहिलं की वरचा मसाला ओल धरते, मग जोडात भोकं पडतात. आता पाकीट माझ्या मुरमुऱ्याच्या डब्यात गेलं, चुलीवरच्या फळीवर. मुरमुरे कुठं? ते पिशवीत. काय सांगू, स्वयंपाकघरातही आता तिचंच राज्य.

पण काम पाहण्यासारखं आहे, बाई. मी तिचा जास्तीचा मुखवटा लावून पाहिलं, काळ्या काचेतून. आधी सगळा अंधार. मग टिचकी मारल्यासारखा रॉड लागला आणि एवढासा हिरवट उजेड, त्यात लोखंड पाण्यासारखं हलते. ती अगदी सावकाश पुढं सरकते, श्वास धरून. थंड झाल्यावर हातोडीनं काळी खपली उडवली, वरून ब्रश मारला, की खाली एकावर एक बारीक लाटांची चकचकीत ओळ.

पलीकडच्या गल्लीतलं ते नवं फाटक पाहिलं? बंद होत नाही म्हणतात, वीट लावून ठेवतात रात्री. एका बाजूनं सरळ जोडत गेले असतील, लोखंड तापून थंड झालं की त्या बाजूले ओढून घेते. ही आधी चारही कोपऱ्यांवर नुसते टाके मारते, मग दोन्ही कर्ण मोजते, सारखे आले तरच पुढं. कोणाले सांगू नका मी म्हटलं म्हणून.

डोळ्यांचं विचारता? आमच्या पोरानंच केलं. जत्रेतला गॉगल लावून बायकोचं काम पाहत बसला. संध्याकाळी काही नाही, हसत जेवला. मध्यरात्री उठून बसला, डोळ्यांत वाळू गेली म्हणे, उजेड सहन होईना, धारा लागल्या. कोणी म्हणे बटाट्याच्या चकत्या ठेवा, कोणी म्हणे दूध घाला. सुनेनं काहीच घालू दिलं नाही, सकाळी सरळ डॉक्टरकडं नेलं. उतरलं दोन दिवसांत. आता तोच सगळ्यांले सांगत फिरते, काच दहा-अकरा नंबरचीच पाहिजे म्हणून.

हे सगळं कशासाठी, तर शेळ्यांसाठी. बांबूच्या ताटीले बिबट काय भीक घालते? म्हणून अँगलची चौकट, सळ्या चार बोटांवर, आणि वरूनही जाळी, कारण ते भिंतीवरून उतरते. शेताच्या तारेत करंट सोडणारे सोडतात डुकरासाठी. त्यात वाघ मरते, कधी शेजारीच मरते, मग कोर्ट आणि जेल. सौर कुंपणाचं वेगळं, ते बॅटरीवर क्षणभराचा झटका देते. पण गोठ्याले दारासारखं काही नाही.

हे म्हणतात, पाहा कसा काळ. आलापल्लीचा सागवान २०२३ मध्ये बल्लारपुरातून अयोध्येच्या मंदिराले गेला, आणि आपल्या न्हाणीची चौकटही लोखंडाची. मी म्हटलं, लोखंड तरी आपलं कुठं आहे? सुरजागडाचा डोंगर ट्रकात बसून चालला, आणि अँगल आपण दुकानातून किलोवर मोजून आणतो. तर चूप बसले.

तणसाचा ढीग हलवला आधी, दिसत नाही का? बादलीही भरून ठेवली. ठिणगी कुठं उडल सांगता येत नाही. खाली फळी टाकली, ओल्या जमिनीवर उभं राहून करत नाही ती.

तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं? विचारते तिले. पण ते पाइप चांदीच्या रंगाचे आहेत ना, जस्ताचा मुलामा असलेले? मग ती हात लावणार नाही. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येते. मुलामा घासून काढा आधी, तुमच्या मालकाले सांगा, दिवसभर खाटेवरच असतात. आणि रॉडचे पैसे वेगळे बरं का, शेजारधर्म अंड्यांत फेडला तरी चालल.