राबतेच की ती!

नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्यात पन्नाशी गाठलेल्या बाईला व्यायाम सांगून पाहा. तिच्याआधी घरातला पुरुषच उत्तर देईल, "तिला काय गरज? दिवसभर राबतेच की ती!" हे तो खाटेवर बसून सांगेल. बाई किती राबते, याचा चोख हिशेब त्याच्याकडे असतो. मजुरीचा दर ठरवताना मात्र तो हिशेब कुणालाच सापडत नाही.

राबून हाडं बळकट होत असती, तर नंदुरबार जिल्ह्यातल्या बायांची हाडं पोलादाची निघाली असती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या 30 ते 60 वयाच्या बायका तपासल्या. 2005 साली निष्कर्ष छापून आले. खुब्यापाशी 29 टक्के बायकांची हाडं ठिसूळ झालेली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. या काही सोफ्यावर लोळणाऱ्या बायका नव्हत्या. त्यांच्या पोटात दिवसाला जेमतेम 270 मिलिग्रॅम कॅल्शियम जात होतं. पाळी गेलेल्या बाईला आयसीएमआर 1200 सांगते. सातपुड्यातल्या नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं. पण रेशनच्या गहू-तांदळापुढे नागलीला विचारतो कोण?

आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते. तिच्याबरोबर इस्ट्रोजेन जातं आणि हाड पोखरणाऱ्या पेशींचा लगाम सुटतो. पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता पाचव्या हिश्शापर्यंत घटू शकते. दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे घरात सगळं आलबेल.

आता त्या राबण्याकडे बघा. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर बाई दिवसभर बसून देठ खुडते. कंबर धरते, टोंगळे धरतात. हाडाला मात्र हवा तसा भार मिळतच नाही. भर उन्हात असते, पण मिरचीच्या ठसक्यापासून वाचायला तोंड आणि हात गुंडाळलेले. म्हणजे फुकटात मिळणारं ड जीवनसत्त्वही अडलं. डोक्यावरचा हंडा जड खरा, पण तो रोजचाच. हाड रोजच्या भाराला सरावतं. त्याला सवयीबाहेरचा, मोजका, दणका देणारा भार लागतो. काही डझन दणक्यांनंतर हाडातल्या पेशी दादही देईनाशा होतात. मग हवी विश्रांती. बाईच्या दिवसात नेमकी तीच नसते.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने हाडं आधीच विरळ झालेल्या 101 बायका घेतल्या, सरासरी वय 65. निम्म्या जणींकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली जमिनीवरून वजन उचलून घेतलं, खांद्यावर वजन ठेवून बैठका काढून घेतल्या, वजन डोक्याच्या वर उचलायला लावलं, उड्या मारायला लावल्या. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. हे 2018 साली प्रसिद्ध झालं.

आणि आपल्या बाईला मिळणारा सल्ला? "चालत जा आणि वजन उचलू नका." चालणं हृदयाला चांगलंच, पण मणक्याला त्याची फारशी खबरही लागत नाही. जिचा मणका आधीच दबलाय, तिने वाकून वजन उचलू नये, हे खरं. तिने आधी डॉक्टरला विचारावं. पण हीच मनाई सरसकट सगळ्या बायांना कशी? गंमत म्हणजे ती फक्त व्यायामाच्या वजनाला लागू होते. कापसाचं गाठोडं आणि सरपणाची मोळी तिच्यातून वगळलेली असते.

खानदेशाला उड्या नव्या नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके घेतात, फुगड्या घालतात. फुगडीत दणका आहे, तोल आहे, दमही आहे. पण घरात सून आली की सासूची फुगडी बंद. चुकून उठलीच तर, "काय वं माय, या वयमा उड्या मारशी का?" हाडांना उडीची गरज पडते, नेमक्या त्याच वयात बाईला ओट्यावर बसवून गाणी म्हणायला सांगतात.

सरकार तरी वेगळं काय करतं? गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या, बाळंतपणानंतर सहा महिने. मग फाईल बंद. गर्भाशय रिकामं झालं की बाईत बघण्यासारखं काही उरत नाही, असं खात्याचं मत दिसतं. लाडकी बहीण योजनेतली बहीणसुद्धा 21 ते 65 याच वयात लाडकी. खुबा मात्र बहुधा त्यानंतर मोडतो.

यासाठी चकचकीत जिम नको. हळूहळू जड करत न्यायच्या वाळूच्या पिशव्या, अंगणवाडीची एक खोली आणि शिकवणारी एक जाणती बाई एवढ्यावर भागेल. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. घोडं अडेल ते एकाच प्रश्नावर: तेवढा वेळ भाकरी कोण थापणार? तर भाकरी थापायला मनगट लागतं, आणि हाडं ठिसूळ झाली की बहुधा पहिलं मोडतं ते मनगटच. बाईसाठी नाही, तर निदान भाकरीसाठी तरी तिला अर्ध्या तासाची सुटी द्या.