सी ड्राइव्ह बळकावणाऱ्या डीफॉल्ट फोल्डरास खुले पत्र

सी ड्राइव्हवर ठाण मांडून बसलेल्या वनड्राइव्हच्या डीफॉल्ट क्लाउड फोल्डरा,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची आपली रीत आहे. तुझ्या बाबतीत ती पाळवत नाही. त्यामुळे थेट आरोपांकडे वळतो.

पहिला आरोप घुसखोरीचा. आपल्याकडच्या कितीतरी संगणकांत विंडोजसाठी 256 जीबीची एसएसडी असते आणि फायलींसाठी 1 टीबीची हार्ड डिस्क. पहिली सी, दुसरी डी. मालकाने त्या 1 टीबीचे पैसे मोजले ते कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ तिथे राहावेत म्हणून. तू येतोस आणि सीवरच्या 'यूजर्स' फोल्डरात मालकाच्याच नावाखाली पथारी पसरतोस. वनड्राइव्ह सुरू करताना जागा बदलायची सोय असते, नाही असं नाही. पण ते 'चेंज लोकेशन' बारीक अक्षरांत आणि 'नेक्स्ट'चं बटण ठसठशीत. घाईत असलेला माणूस कुठे बोट ठेवणार, हे तुला घडवणाऱ्यांना चांगलं कळतं. मग ही संमती कसली?

सीवरच्या या हक्काला इतिहासाचा आधार आहे म्हणशील, तर तोही तपासू. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी 10 एमबीच्या हार्ड डिस्कसह आला आणि तिला सी हे अक्षर मिळालं. डिस्क एकच होती, तेव्हा सगळं तिथेच ठेवण्यावाचून इलाज नव्हता. आज शेजारी डी ड्राइव्ह रिकामी पडलेली असताना तीच सवय चालवणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरा आरोप फसवणुकीचा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर तुझ्या पोटात जातात. सोसायटीच्या सचिवांना वाटतं, सभेचं इतिवृत्त डेस्कटॉपवर आहे. त्याचा खरा पत्ता आता तुझ्यातून जातो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फुकटची जागा 5 जीबी. फोटो स्टुडिओवाल्याच्या एका लग्नाच्या फोटोंनीच ती भरते. मग 'जागा संपली'चे इशारे, आणि त्याखाली जादा जागा विकत घेण्याचं आमंत्रण. आधी माणसाला न विचारता सामान हलवायचं, मग जागेचं भाडं मागायचं!

तिसरा आरोप सर्वांत गंभीर. सी ड्राइव्हची पट्टी लाल होते, विंडोजचे अपडेट अडतात, आणि वैतागलेला माणूस जागा करायला तुझ्यातल्या फायली डिलीट करतो. त्याला वाटतं, वरची प्रत क्लाउडवर सुरक्षित आहे. पण सिंक म्हणजे आरसा: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरूनही जातं. वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ती फाईल 30 दिवस राहते. त्या मुदतीत लक्षात आलं नाही, तर मुलाच्या बारशाचे फोटो कायमचे गेले. फक्त या संगणकावरची जागा मोकळी करायची असेल, तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं असतं. हे तू ठळकपणे सांगायला हवं होतंस.

आता तुला बाहेर काढण्याची रीत. ती तू कधी सांगणार नाहीस, म्हणून वाचकांसाठी इथे लिहितो. आधी सिंक पूर्ण झाल्याची खात्री करायची आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची. मग घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हातून सेटिंग्ज, तिथून अकाउंट, आणि 'अनलिंक धिस पीसी'. याने क्लाउडवरचं काहीही पुसलं जात नाही, फक्त या संगणकाचा धागा तुटतो. त्यानंतर फाईल एक्सप्लोररमधून वनड्राइव्हचा फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर न्यायचा. पुन्हा साइन-इन करायचं आणि जागेचा पडदा आला, की 'नेक्स्ट' न दाबता 'चेंज लोकेशन'मधून डीवरचा तोच फोल्डर दाखवायचा. तिथे आधीच फायली आहेत, असं तो सांगेल; हाच फोल्डर वापरायचा आहे, असं उत्तर द्यायचं. हा धागा न तोडता नुसतं कट-पेस्ट केलं, तर फोल्डर सापडत नाही म्हणून तू बोंब मारतोस. डी ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. काढ-घाल करायची हार्ड डिस्क यासाठी नको. ती जोडलेली नसली, की सिंक अडतं.

तुझे भाईबंदही धुतल्या तांदळासारखे नाहीत. गूगल ड्राइव्ह संगणकावर स्वतःचं वेगळं अक्षर घेतो, बहुधा जी. त्यामुळे तो सीला धक्का लावत नाही असं वाटतं. पण त्याचा कॅशे, म्हणजे तात्पुरत्या प्रतींचा साठा, सीवरच साठतो. त्याची जागा सेटिंग्जमधून बदलता येते, हे शोधणाऱ्यालाच सापडतं. ड्रॉपबॉक्समध्ये निदान प्रेफरन्सेसमधल्या सिंकखाली फोल्डर हलवण्याची सरळ सोय आहे. म्हणजे हे करता येतं. तू करत नाहीस.

म्हणून तुला बनवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. पहिल्याच पडद्यावर संगणकातल्या सगळ्या ड्राइव्ह त्यांच्या मोकळ्या जागेसह दाखवा आणि विचारा, फायली कुठे ठेवायच्या? उत्तर आल्याखेरीज पुढे जाऊ नका. सामान ज्याचं, जागा ठरवण्याचा हक्कही त्याचाच.

आणि वाचकहो, आजच तुमच्या डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये तिचा पत्ता वाचा. त्यात क्लाउडच्या फोल्डरचं नाव दिसलं, तर ती फाईल तिथे हवी की नको हे तुम्ही ठरवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. महत्त्वाच्या कागदपत्रांची आणि फोटोंची एक प्रत क्लाउडशी संबंध नसलेल्या डिस्कवर ठेवाच.

एक संगणक वापरकर्ता