मुलाखतीची वेळ संपली

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढणाऱ्या डोंबिवलीकराला वेताळ काय घाबरवणार, असं मी सोसायटीच्या गच्चीवर बोलून गेलो आणि अमावास्येच्या ठाणे भूतसहलीचा गाइड झालो. खरं तर त्रिंबकजी डेंगळ्यांवर दोन पानं वाचली होती, ती कोणाला तरी ऐकवायची खाज होती.

मसुंदा तलावावरच पंचाईत झाली. मुंजाला पिंपळ लागतो आणि पिंपळाला थोडा काळोख. तलावपाळीवर लखलखाट, भेळ आणि ही गर्दी! “हडळ कुठे बसते हो?” तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. कठड्यावर आम्हालाच जागा नव्हती.

मग मी हुकमाचं पान काढलं. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १९१० मध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार इथेच फासावर गेले. तिथे आम्ही नुसते हात जोडले. भुताखेतांच्या यादीत हुतात्मे घालायचे नाहीत, इतपत अक्कल गाइडला होती.

त्रिंबकजी मात्र माझेच. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनापायी दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी १८१५ मध्ये इथे कैदेत पडला. पहारा मुद्दाम गोऱ्यांचा. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मराठी गाणी म्हणे. गाण्यातच पळण्याचा बेत. गोऱ्यांना ओ का ठो कळलं नाही आणि १२ सप्टेंबर १८१६ ला त्रिंबकजी पसार!

इथे थांबायला हवं होतं. पण काकू म्हणाल्या, “म्हणून दाखवा ना.” तुरुंगाच्या भिंतीखाली, रात्री नऊला, मी स्वरचित चालीत गळा काढला: घोडा तयार आहे, रात्र काळी आहे...

“कोण आहे रे तिकडे?”

हवालदारांना मराठी उत्तम येत होतं. माझा आवाज बसला. काकू मदतीला धावल्या: “अहो, आम्ही त्रिंबकजी डेंगळ्यांसाठी आलोय.”

“मुलाखतीची वेळ संपली. नातेवाईक का? उद्या आधारकार्ड घेऊन या.”

मी आघाडीवर राहून माघार घेतली. बोळांतून असा चकवा लागला की सगळे पुन्हा मसुंद्यावरच निघालो. मंडळींनी भेळ खाल्ली. पैसे गाइडने दिले.

त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा सापडले. या खेपेला इंग्रजांनी त्यांना दूर उत्तरेतल्या चुनारच्या किल्ल्यात टाकलं आणि तिथेच १८२९ मध्ये ते वारले. चुनारची भूतसहल कोणी काढत असाल, तर गाइड दुसरा बघा. गाणारा नको.