नळीचा चकचकाट

ज्या माणसाला घरातला गळका नळ बंद करता येत नाही, त्याने इंजिनाला हात लावू नये, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. हिने सांगितलं होतं, पण ते धरत नाही.

गाडी वडिलांची, अ‍ॅम्बॅसडर, 1489 सीसी. हवा-पेट्रोल कार्बोरेटरमधून इंजिनात नेणारा इनटेक मॅनिफोल्ड आतून खडबडीत असतो एवढं कुठेतरी वाचलं आणि मी तो सोडवला, गोल कानशीने नळ्या रुंद केल्या, पॉलिश पेपर मारला, आणि शेवटी हिची देवाची भांडी घासायची पावडर लावून असा लखलखवला की आत डोकावलं तर माझंच तोंड दिसायला लागलं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सासूबाईंना घेऊन जेजुरीला निघालो. दिवे घाटात गाडी ठसकायला लागली, मागे एसटी बोंबलतेय, पुढे उसाचा ट्रॅक्टर लांब चाललाय, मी गिअर दांड्याशी झुंजतोय. सासूबाई शांतपणे उतरल्या, पदर खोचला आणि पायी निघाल्या. वळणावर त्या आधी पोचल्या.

मेकॅनिक मामांनी नळीत बोट फिरवलं. "साहेब, आरसा केलात की हो!" पेट्रोल म्हणे सगळं वाफ होऊन जात नाही, बारीक थेंब हवेबरोबर पळतात. नळी अरुंद असली की इंजिन सावकाश फिरतानाही हवेला वेग राहतो; रुंद केली की हवा रेंगाळते, वळणावर थेंब भिंतीला थडकतात, आणि भिंत गुळगुळीत, म्हणजे ओघळून खाली डबकं. रुंद, आखूड नळ्या शर्यतीत सुसाट पळणाऱ्या गाडीला. सासूबाईंना घेऊन जाणाऱ्याला नव्हेत. त्यातून या इंजिनात चार सिलिंडरना हवा घ्यायची दारं दोनच, चाळीतल्या सामायिक नळासारखी. सिलिंडर पेटण्याच्या 1-3-4-2 या क्रमात शेजारी-शेजारी पाठोपाठ कळशी लावणार! आणि थेंब वाळवायला खालून एक्झॉस्टची ऊब ठेवलेली, तिथे मी 'थंड हवा दाट असते' म्हणून मध्ये पत्रा सरकवला होता.

मामांनी पत्रा उपसला, जुन्या बाजारातून दुसरा, खडबडीत मॅनिफोल्ड आणून बसवला. माझा आता शोकेसमध्ये आहे. दोन्ही बाजूंना हात पसरलेला, चकचकीत. परवा पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, "कुठल्या स्पर्धेचं?"

चहाचा ट्रे ठेवत ही म्हणाली, "उत्तेजनार्थ."